चौथ्या खुराची मंगलाष्टकं

आमच्या आंधळगावात कुठल्याही गोष्टीवर दोन माणसांचं एकमत होणं कठीण. पण खुशालभाऊंना व्यवहार कळत नाही, यावर अख्ख्या गावाचं एकमत आहे आणि ते एका दिवसात झालं. हा माणूस म्हैस आणायला म्हणून बाजारात गेला आणि घोडी घेऊन परत आला, त्या दिवशी.

माझी, म्हणजे रत्नमालाची, पिठाची चक्की खुशालभाऊंच्या अंगणाला लागून आहे. मध्ये नुसतं काट्यांचं कुंपण. त्यामुळे त्या घरात काय शिजतं, काय करपतं आणि कोण कोणाला काय बोलतं, हे मला न विचारता कळतं. त्या दिवशी सुलोचनाबाई, म्हणजे खुशालभाऊंच्या घरच्या, म्हशीला ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. लांबून खुशालभाऊ दिसले. मागं जनावर दिसलं. जनावर जवळ येत गेलं तशी ताटातली वात सुलोचनाबाईंनी स्वतःच विझवली.

"हे काय होय?"

"घोडी होय."

"मले दिसते घोडी होय थे. म्हैस कोठी गेली?"

"म्हैस काई पसंत नाई पडली," खुशालभाऊ म्हणाले. "हे माह्याकडेच पाहून राहिली होती."

"मंग आता च्यात काय हिचं दूध टाकू?"

खुशालभाऊ घोडीला बांधायला खुंटा शोधायला लागले. त्या घरात चहाला दूध अजून शेजारून, म्हणजे माझ्याकडूनच जातं.

घोडी म्हणायचं ते आदरानं, खरं तर ते तट्टूच. गुळाच्या रंगाचं, पोट गोल, पाय आखूड. उंच नवरदेव बसला की त्याचे जोडे रस्त्याला लागतील की काय, अशी वऱ्हाड्यांना भीती. विकणाऱ्यानं तिचं नाव जिलेबी सांगितलं आणि तेवढी एकच गोष्ट त्यानं खरी सांगितली. जिलेबी जितकी सरळ, तितकीच ही. लहान पोर असो की सरपंच, कोणाचा मुलाहिजा नाही. चक्कीसमोर वाळत घातलेले माझे गहू तिनं किती वेळा खाल्ले, ते मोजणं मी सोडून दिलं आहे. तक्रार केली की खुशालभाऊ हात जोडून म्हणणार, "लहान आहे बाई थे." लहान कसली! तिचे दात पाहून जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, माणसात असती तर कधीच पेन्शनीत निघाली असती.

खुशालभाऊ साठीला टेकलेले. उंच, हडकुळे, डोक्याला दुपट्टा. दोन एकर धान, घरामागं वांग्याची वाडी, एकुलता एक मुलगा मनिष भंडाऱ्यात ऑटो चालवतो. माणसांशी बोलायचं म्हटलं की यांच्या तोंडातून 'हव' आणि 'नाई' याखेरीज तिसरा शब्द निघत नाही. घोडीशी मात्र गप्पांना खळ नाही. सकाळी खरारा करताना तिला गावची सगळी खबर देतात. कोणाची धानाची बांधी कापून झाली, कोणाच्या सुनेचं सासूशी पटेना, कोणाचा पोरगा नागपूरहून का परत आला. मी कुंपणापलीकडून ऐकते. खोटं कशाला बोलू, गावातल्या निम्म्या भानगडी मला अशाच कळल्या आहेत.

तुळशीचं लग्न आटोपलं की त्यांचा खरा हंगाम सुरू होतो. जिलेबीच्या गळ्यात मोत्यांच्या माळा, पाठीवर जरीची झूल, कपाळावर तुरा, आणि हे स्वतः तोच कॉलर फाटलेला सदरा घालून पुढे. पण लगाम धरून चालताना मान अशी ताठ की नवरदेव कोणता, हे नवख्या माणसानं विचारून घ्यावं.

लग्नात नवराबायको दोघांनाही काम असायचं. खुशालभाऊ नवरदेवाला मांडवापर्यंत आणून सोडायचे आणि पुढचं सुलोचनाबाई बघायच्या. आमच्या पंचक्रोशीत मंगलाष्टकं म्हणावी ती सुलोचनाबाईंनीच. आवाज खणखणीत, माईक नसला तरी चालतं. शिवाय दोन्हीकडच्या आत्या, मामा, मावश्यांची नावं त्या जागच्या जागी ओळीत बसवतात. कोणाचं नाव राहिलं तर तो मामा जेवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. घरात मात्र हा गोड गळा कोणी ऐकला नव्हता. घरात त्यांचा सूर एकच, तो जिलेबीच्या नावानं. जिलेबीला त्या सवत म्हणतात.

आता या सवतीच्या पायांनीच घोळ केला. मागच्या उन्हाळ्यात एका घाईच्या माणसानं तिच्या मागच्या पायाचा खूर कापताना सुरा खोल घातला. रक्त आलं. तेव्हापासून जिलेबी पुढचे दोन पाय देते, मागच्या पायांना हात लावू देत नाही. लावला की लाथ. खूर वाढत राहिले, पुढे वळले, कडांचे टवके निघाले. दिवाळीपर्यंत ती लंगडायला लागली. दवाखान्यातल्या मॅडमनी पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "या महिन्यात खूर कापले नाहीत तर पाय कायमचा वाकडा होईल. इंजेक्शन देऊन झोपवता येईल, पण हिचं वय पाहता झोपली की उठेल याची हमी मी देणार नाही." सुईशिवाय करून पाहू म्हणून त्यांनी तिला दवाखान्याच्या खोड्यात उभं केलं. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून केलेली लोखंडी चौकट. जिलेबी त्यात थोडा वेळ उभी राहिली, मग कुत्र्यासारखी मागच्या पायांवर बसली. खूर तिच्याच बुडाखाली गेले. उठायला तयार नाही. शेवटी मॅडम हसत हसत चहा प्यायला गेल्या.

मनिष चिडला. त्याचंही चूक नव्हतं. लंगडी घोडी कोणी नवरदेव घेत नाही आणि तिच्यापायी बापाचा जीव चाललेला त्याला दिसत होता. त्यानं पलीकडच्या जिल्ह्यातला एक माणूस गाठला. तो घोडी न्यायला तयार होता. नेऊन काय करणार, ते मनिषनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. "बाबा, शनिवारपर्यंत खूर झाले तं घोडी राहीन," मनिष म्हणाला. "नाई झाले तं सोमवारी पिकअप येते. मंग मले अडवू नोका." खुशालभाऊ 'हव' म्हणाले. त्या रात्रीपासून त्यांच्या ताटातली भाकर तशीच उरायला लागली. सुलोचनाबाई ती उरलेली भाकर जिलेबीपुढं टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा, माह्या नवऱ्याचं जेवन पन तूच खा."

खूर कापायला कारध्याहून दादाजीला बोलावलं. दादाजी म्हणजे बैलांना नाल मारणारा माणूस. बुटका, दंडानं मजबूत, गालात कायमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांचे पाय त्याच्या हाताखालून जातात, त्यामुळे बोलण्यात कोणाला ऐकत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "लगनाची घोडी होय न् हे? मंग तिले लगनासारखं वाटलं पायजे. बाजा लावा, खुश होते." एवढं अक्कलवान बोलणं ऐकून खुशालभाऊंनी गावातलं संदल, म्हणजे वरातीतलं ढोलपथक, बोलावलं. ढोल वाजला आणि जिलेबी खरोखरच खुश झाली. तिनं मागचे दोन्ही पाय आपणहून उचलले. एक उचलायची, एक आपटायची, वरातीत नाचते तशी. त्यातला एक पाय दादाजीच्या अंगठ्यावर आला. संदलवाल्यांना वाटलं माणूस आनंदानं ओरडतो आहे, त्यांनी ठेका वाढवला.

तो अंगठा बरा करून दादाजी पुन्हा आला तो थेट शनिवारी. म्हणजे शेवटच्या दिवशी.

सकाळीच मी चक्कीचा पट्टा घालत होते तोवर पलीकडून दादाजीचा आवाज. "यावेळी पाडू तिले. बैल पाडतो तशी. चार पाय बांधले का काम फत्ते."

"नाई," खुशालभाऊ म्हणाले.

"काहून नाई?"

"थे बैल नोहोय."

"अगा, बैल एवढा मोठा, थो पडते. हिले काय होते?"

"म्हातारी आहे जी. पडली तं उठाची नाई."

मी कुंपणावरून म्हटलं, "खुशालभाऊ, इतके दिवस तर लहान होती." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच जिभेचा राग आला. माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी गव्हाचा सूड काढत होते. मी चक्की बंद केली आणि त्यांच्या अंगणात गेले.

पुढचे दोन खूर जिलेबीनं दिले. दादाजीनं ते झटपट कापले, कानशीनं घासले. मग तो मागं गेला. जिलेबीचे कान मागं गेले. त्यानं हात लावला, तिनं लाथ मारली. लाथ पाण्याच्या बादलीला बसली आणि बादली माझ्या अंगणात गेली. पुन्हा हात, पुन्हा लाथ. दादाजी दमून खाटेवर बसला आणि खर्रा घोटायला लागला.

दुसऱ्या दिवशी मोहाडीला एक लग्न होतं. तिथं सुलोचनाबाईंना मंगलाष्टकं म्हणायची होती. जिलेबी लंगडते म्हणून नवरदेवासाठी भंडाऱ्याची घोडी ठरली होती, आणि ही बातमी खुशालभाऊंना कोणी सांगितली नव्हती, तरी ती त्यांना कळली होती. सुलोचनाबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत उद्याची उजळणी करायला लागल्या. गणपतीपासून सुरुवात. लांब, संथ चाल.

दादाजीचा खर्रा घोटणारा हात थांबला. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं. मी पाहिलं. जिलेबीची मान खाली आली होती. खालचा ओठ लोंबत होता. मागचा डावा पाय तिनं सैल सोडून नुसत्या टोकावर टेकवला होता.

"अवो, पाहा, पाहा तिले!" सुलोचनाबाईंनी सूप आपटलं. जिलेबी दचकून जागी झाली. "दर लगनात असंच करते. लोक माहे मंगलाष्टक आयकून डोळे पुसतात, नवरीची माय तं हमसून हमसून रडते, आन् हे मांडवाच्या बाजूले उभी राहून झोपते! मले दिसत नाई का? सारं दिसते. उगाच नाई मी तिले सवत म्हनत."

म्हणजे राग चहाच्या दुधाचा नव्हताच. गावात कोणी नाही ते या घोडीनं केलं होतं, सुलोचनाबाईंच्या गाण्याला ती पेंगली होती.

पण घोडीच्या बाजूनं पाहिलं तर तिचं बरोबर होतं. वरातभर ढोल, फटाके, पाठीवर नवरदेव, समोर नाचणारे दारुडे. मंगलाष्टकं लागली की तिला पहिल्यांदा उसंत. नवरदेव उतरलेला, सगळे गप्प, खुशालभाऊ ओंजळीनं भिजवलेले हरभरे चारताहेत. झोपेल नाही तर काय करेल?

दादाजी उठला. "वैनी, पुन्हा लावा जी."

"मी नवरा-नवरीसाठी म्हनतो. घोडीसाठी नाई," सुलोचनाबाईंनी सांगून टाकलं.

दादाजीनं खिशातून मोबाईल काढला. त्यात कोण्या बाईची मंगलाष्टकं लावली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. जिलेबीची मान पुन्हा खाली गेली. दादाजीनं हळूच मागचा पाय उचलला, आपल्या मांडीवर घेतला. आला! आम्ही श्वास धरून उभे. पहिलं कडवं संपलं आणि मोबाईलमधली बाई म्हणाली, "सावधान!"

आपल्याकडे प्रत्येक कडव्याला सावधान असतो आणि बँड फुटतो तो शेवटच्याला. आता पहिला कोणता आणि शेवटचा कोणता, हे त्या बिचाऱ्या जनावराला कसं कळावं? तिला एवढंच ठाऊक की हा शब्द आला की अंगावर अक्षता येतात आणि मग कानाशी बॉम्ब फुटतो. तिनं पाय असा झटकला की दादाजी शेणाच्या ढिगात जाऊन बसला. त्याच वेळी मोबाईलमध्ये मंगलाष्टकं थांबून टाईल्सची जाहिरात सुरू झाली.

कोणी हसलं नाही. मी हसले असते, पण खुशालभाऊंनी जिलेबीच्या मानेत तोंड घातलं होतं आणि त्यांची पाठ हलत होती.

"राहू द्या दादाजी," ते तसेच म्हणाले. "मनिषले फोन लावतो. येऊ दे पिकअप."

मग सुलोचनाबाई ओसरीवरून उठल्या. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला.

"रडू नोका. मानूस होय का काय होय? तिचं तोंड धरा. दादाजी, तुमी शेन झाडा आन् मागं जा. रत्नमाला, तू गेटपाशी उभी राह्य, कोनी दळन घेऊन बोंबलत आलं तं तेथीसाच थांबव. आन् थो मोबाईल बंद कर."

"वैनी, फक्त सावधान नोका म्हनू," दादाजी हात जोडून म्हणाला.

"मले शिकवू नोका. उचला पाय."

त्यांनी सुरुवात केली. गणपती झाला. कुलदैवतं झाली. एक कडवं संपायला आलं की त्या शेवटचा शब्द ओढून धरायच्या आणि त्यातूनच पुढच्या कडव्यात शिरायच्या. सावधान येऊच द्यायचा नाही. जिलेबीची मान उतरली, पापण्या मिटल्या. दादाजीनं पाय मांडीवर घेतला. इतका वाढलेला खूर, सुरा जेमतेम चालत होता. नद्या आल्या. गंगा, यमुना, गोदावरी, आमची वैनगंगा, तिला मिळणारे ओढेनाले. मग मोहाडीच्या लग्नातले सगळे पाहुणे आले, आत्या, मामा, मावश्या, मावश्यांचे जावई. तिसरा खूर झाला. दादाजीनं तो अलगद खाली ठेवला आणि मांजराच्या पावलानं दुसऱ्या बाजूला गेला.

तोवर गेटवर दळणाचे डबे घेऊन पाच-सहा बाया जमल्या होत्या. मी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना तिथंच उभं केलं.

चौथा खूर सगळ्यात वाईट होता. रक्त आलं होतं तो हाच. दादाजीनं तो मांडीवर घेतला आणि नेमक्या त्याच वेळी सुलोचनाबाईंचे पाहुणे संपले. त्या एका 'ऊ'वर अडकून राहिल्या. जिलेबीचा एक कान हलला. दादाजीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

सुलोचनाबाईंनीही डोळे मिटले आणि सुरू केलं. चाल तीच, संथ आणि मंगल. शब्द मात्र असे होते:

"लग्नाच्या दुसऱ्या दिनीच मजला गोठ्यात नेले तुम्ही,
बैलांशी करवून ओळख दिली, माझी न केली कुठे,
आणाया म्हशिला तुम्ही निघुनिया घोडीच की आणली,
साडी मागितली तरी न दिधली, घोडीस मोती-जरी..."

गेटवरच्या एका बाईच्या हातातला डबा खणकन वाजला. मी डोळे वटारले. खुशालभाऊंनी झटक्यात मान वर केली, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बोलायची सोय नव्हती. एका हातात जिलेबीचं तोंड, दुसऱ्या हातात हरभरे, आणि मागं दादाजी गयावया करत मान हलवतो आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच सुलोचनाबाईंना बोलायला मोकळं रान मिळालं होतं. इतर वेळी त्या बोलायला लागल्या की खुशालभाऊ उठून घोडीकडे जात. आज ते घोडीकडेच होते. जाणार कुठं?

"बाजारास म्हणून जे निघतसा येता दिवे लागता," सुलोचनाबाई गात राहिल्या. पुढं आणखी बरंच आलं. नणंदेच्या लग्नात त्यांना वाढपात ठेवून फोटोत घेतलं नव्हतं, ते आलं. पोळ्याच्या दिवशी पुरणात मीठ पडलं तर चारचौघांत सांगितलं, ते आलं. वाडीतली वांगी सगळ्या गावाला फुकट वाटली आणि घरात चटणीवर भागवलं, ते आलं. त्यातली पुष्कळ वांगी मी खाल्ली होती, म्हणून मी जमिनीकडे पाहिलं. बाया पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. हसता हसता एकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच हसण्याचं होतं असं मला वाटत नाही. ज्या-त्या ओळीला तिला तिचं घर आठवत असणार. मला तर आठवलंच.

खुशालभाऊ लाल झाले, मग पांढरे झाले, मग त्यांची नजर खाली गेली. आपल्या बाईजवळ एवढं साठलं आहे, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

शेवटी तक्रारीही आटल्या. कितीही म्हटलं तरी एका नवऱ्याकडून किती पुरणार? दादाजीनं बोटानं खुणावलं, थोडंच, आणखी थोडंच. सुलोचनाबाईंचे डोळे मिटलेलेच. आवाज हळू झाला. त्या चाल नुसती गुणगुणत होत्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या. मग त्यांना ते सापडलं.

"घोडीला सजवून घेउनि तुम्ही आलात बांधावरी,
चालाया मज येइना, उचलुनी घोडीवरी ठेविले,
सारे गाव हसे, तरी न सुटला हातातला कासरा,
तेव्हा मी चिडले, मनात पण मी झाले नवी नोवरी..."

एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुलोचनाबाईंचा पाय चिखलात मुरगळला होता. बांधावर गाडी येण्यासारखी नव्हती. खुशालभाऊ घोडी घेऊन धावले, आणि नुसत्या पाठीवर बाईला टोचेल म्हणून लग्नाची झूल, माळा, सगळं चढवून आले. भर पावसाळ्यात, चिखलानं माखलेल्या बायकोला जरीच्या झुलीवर बसवून त्यांनी सगळ्या गावातून आणलं. आम्ही सगळे दारात येऊन हसलो होतो. सुलोचनाबाई घर येईपर्यंत त्यांना शिव्या देत होत्या, एवढंच आम्हाला दिसलं. आपल्याकडे घोडीवर नवरदेव बसतो, नवरीला कोण बसवतं? आत काय चाललं होतं, ते त्यांनी आज म्हटलं, आणि तेही घोडी झोपून राहावी म्हणून.

गेटवर आता डबा वाजला नाही. सुलोचनाबाईंनी ते कडवं पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा घेतलं, शेवटची ओळ जरा जास्त ओढून.

दादाजीनं कानशीचा शेवटचा हात फिरवला, खूर खाली ठेवला, फुंकर मारली आणि दोन्ही हात वर करून खुशालभाऊंना खूण केली. झालं. खुशालभाऊंनी मान हलवली. दादाजीला वाटलं त्यांना कळलं नाही, त्यानं पुन्हा खुरांकडे बोट दाखवलं. खुशालभाऊंनी हरभऱ्यांचा हात तोंडाशी नेऊन त्याला गप्प बस म्हणून दटावलं. जिलेबी चारी पायांवर सरळ उभी राहून पेंगत होती. तिचं तोंड धरून तो एवढा उंच माणूस हालचाल न करता ऐकत होता. दादाजी चुपचाप जाऊन खाटेवर बसला.

आणखी दोन कडवी झाल्यावर सुलोचनाबाईंचा घसा बसला. त्यांनी डोळे उघडले. पाहतात तर दादाजी पाणी पितो आहे.

"खूर?"

"झाला न् जी."

"कवा झाला?"

दादाजीनं खुशालभाऊंकडे पाहिलं. खुशालभाऊंनी जिलेबीकडे पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही.

"मघाशीच झाला," ते म्हणाले. "मीच म्हनलो त्यायले, चूप राह्य."

"काहून?"

माणसांशी इतकं लांब वाक्य बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "माह्याबद्दल तू चांगलं काई म्हनशील, असं मले वाटलंच नोहोतं. म्हनून राहिली होती, तं म्हटलं, आयकून घ्यावं."

सुलोचनाबाईंच्या पाठीमागं गेट होतं आणि गेटवर निम्मी आळी होती, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, नवीन सुनेनं घ्यावा तसा, आणि आम्हा सगळ्यांना दळणासकट हाकलून लावलं. मी जाता जाता कुंपणाशी रेंगाळले, तो माझा हक्कच आहे.

सुलोचनाबाईंनी मनिषला फोन लावला. त्याचा आवाज मोठा, कुंपणापर्यंत येत होता.

"झाले खूर," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पिकअप नोको आनू."

"बरं झालं," मनिष म्हणाला. "पन आई, तुलेच तं थे घोडी घरात नोको होती न्?"

"नोकोच आहे. पन थे तिचं आन् माहं भांडन होय. तू मधात नोको येऊ."

त्यांनी फोन ठेवला, खराटा घेतला आणि अंगणात पडलेले खुरांचे तुकडे झाडायला लागल्या.